बंद खोलीत सात दिवसांत हिरवा चारा : पण फॉगरचं पाणी नेमकं करतं तरी काय?

गोरेगाव म्हटलं की मोबाइल आधी मुंबईचं गोरेगाव दाखवतो. फिल्मसिटी, लोकल, मॉल. आपण बोलतोय ते हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावबद्दल. इथं मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला तर कुणी त्याची बातमी करत नाही. विहिरींनी तळ गाठलेला असतो, सोयाबीनचं कुटार आणि ज्वारीचा कडबा संपत आलेला असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत मोबाइलवर तो व्हिडिओ फिरायला लागतो : "१ किलो मका, ७ दिवस, ८ किलो हिरवा चारा. ना माती, ना शेत."

व्हिडिओ खोटा नाही. मातीविना, म्हणजे हायड्रोपोनिक पद्धतीनं, चारा खरंच उगवतो. २०१५-१६ चा दुष्काळ, ज्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि नंतर २०१८-१९ चा दुष्काळ, ज्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या, या दोन्ही वेळी मराठवाड्यात या पद्धतीची भरपूर चर्चा झाली. अनेकांनी बांबू, हिरवी जाळी आणि प्लास्टिकचे ट्रे आणून खोल्या उभ्या केल्या. काहींच्या चालल्या. काहींच्यात चौथ्या दिवशी बुरशी आली आणि ट्रे उकिरड्यावर गेले.

फरक कुठं पडतो? बहुतेक वेळा बियाण्यात नाही आणि ट्रेमध्येही नाही. पाणी उन्हाचं आणि उष्णतेचं काय करतं हे लक्षात न घेता फॉगर चालवला जातो, तिथं पडतो. म्हणून आज तोच विषय नीट समजून घेऊ. घरातल्या खिडकीत मनीप्लांट ठेवणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

सुरुवात घटापासून

बंद जागेत, कमी उजेडात रोप उगवण्याचा प्रयोग आपल्याकडं घरोघरी दरवर्षी होतो. घटस्थापना. देवघराच्या कोपऱ्यात पत्रावळीवर किंवा टोपलीत काळी माती, त्यात गहू, ज्वारी, मका असं धान्य, मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट. नऊ दिवसांत वीतभर धान उगवतं आणि दसऱ्याला लोक ते टोपीत खोचतात.

आता त्या धानाचा रंग आठवा. हिरवा नसतो, पिवळा असतो. देवघरात ऊन येत नाही, त्यामुळं पानांत हरितद्रव्य तयार होत नाही. तरीही रोप झपाझप वाढतं, उलट शेतातल्यापेक्षा उंच आणि लवचीक होतं, कारण ते उजेड शोधत वर पळत असतं. पण वाढायला लागणारं अन्न येतं कुठून? दाण्यातून. पहिले सात-आठ दिवस रोप दाण्यातल्या साठ्यावरच जगतं. उजेडाची त्याला फारशी गरज नसते. गरज असते ती ओलाव्याची आणि माफक उबेची.

घटाचं कामही मजेशीर आहे. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात, पाणी त्यातून हळूहळू झिरपतं. भोवतीची माती ओली राहते, आणि झिरपलेल्या पाण्याची वाफ होताना गारवाही राहतो. ठिबक आणि कूलर एकाच भांड्यात. चाऱ्याच्या खोलीत आपण हेच मोठ्या प्रमाणावर करतो, फक्त सप्टेंबर-ऑक्टोबरऐवजी मे महिन्यात. आणि इथंच अडचण सुरू होते.

खोली असते कशी?

थोडक्यात सांगतो, कारण याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. बांबूचा किंवा लोखंडी पाइपचा सांगाडा, वर आणि बाजूंनी शेडनेट. आत मांडणी, मांडणीवर खाली भोकं पाडलेले ट्रे. मका निवडून, धुऊन १२ ते २४ तास भिजवायचा, ओल्या गोणपाटात बांधून मोड आणायचे, मग ट्रेमध्ये पसरायचा. वर फॉगरची लॅटरल, त्याला छोटी मोटर आणि टायमर. दर तासा-दोन तासांनी काही मिनिटं फवारा. सातव्या-आठव्या दिवशी मुळांची जाड चटई आणि वर वीतभर हिरवं गवत अशी लादी निघते. ती मुळांसकट जनावरापुढं टाकायची.

खोलीतलं तापमान पंचविशीच्या आसपास राहिलं तर काम छान होतं. तिशीच्या बरंच वर गेलं, त्यात ओलावा साचला, की बुरशीचं राज्य. बाहेर ४२ आणि आत पंचवीस-अठ्ठावीस, तेही एसीविना, हे काम आपण ज्या पाण्याकडून करून घेतो त्याचा हिशेब बघू.

एक लिटर पाणी किती उष्णता उचलतं?

चहाचं आधण ठेवलंय असं समजा. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. पण तेच एक लिटर पाणी उकळू न देता नुसतं हवेत वाळवायचं म्हटलं, तर ते आसपासच्या वस्तूंमधून आणि हवेतून सुमारे २,४३० किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. म्हणजे आधणाच्या जवळपास पावणेआठ पट. माठातलं पाणी गार होतं, घाम वाळला की बरं वाटतं, कूलरसमोर झोप लागते, या सगळ्यामागं हाच आकडा आहे.

म्हणजे गारवा गार पाण्यामुळं मिळत नाही, पाणी वाळल्यामुळं मिळतो. हा फरक महत्त्वाचा आहे. फॉगरमधून पाणी ट्रेवर पडून खाली ओघळून गेलं तर त्यानं मुळं ओली केली, पण खोली फारशी गार केली नाही. हवेतल्या हवेत किंवा जाळीवर, पानांवर जे वाळलं, त्यानं खोली गार केली. साध्या, कमी दाबाच्या फॉगरचे थेंब मोठे असतात. त्यातले थोडेच हवेत विरतात, बाकीचे खाली पडतात. चाऱ्याच्या खोलीत ते वाया जात नाहीत, कारण दाण्यालाही पाणी हवंच असतं. पण नुसता गारवा हवा असेल तर बारीक धुकं हवं, आणि त्याला दाबाची मोटर हवी. जाहिरातीत दोन्हींना फॉगरच म्हणतात, तेव्हा विकत घेताना चालवून बघा : हात धरला तर तळवा ओलाचिंब होतो की नुसता गारठतो?

आता ऊन किती येतं ते बघू. आपल्याकडं मे महिन्यातल्या स्वच्छ दिवशी एका चौरस मीटरवर दिवसभरात साधारण साडेसहा युनिट ऊर्जा पडते. युनिट म्हणजे तेच, वीजबिलातलं. खोली १० बाय २० फुटांची, म्हणजे जवळपास साडेअठरा चौरस मीटर. वर ५० टक्के सावलीची जाळी असेल तर अर्धं ऊन आत आलं : ६० युनिट. एक लिटर पाणी वाळताना पाऊण युनिटपेक्षा थोडी कमी, साधारण ०.६७५ युनिट ऊर्जा घेतं. भागाकार करा : नुसत्या छतातून आलेलं ऊन पुसायला सुमारे ९० लिटर पाणी. बाजूनं घुसणारा गरम वारा, तापलेली जमीन आणि तापून वर उष्णता फेकणारी जाळी यात धरलेलीच नाही. ती धरली तर आकडा आणखी वाढतो.

जाळी ७५ टक्के सावलीची घेतली तर? तोच हिशेब ४५ लिटरवर येतो.

माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वात कामाचं गणित हेच आहे. आत आलेली उष्णता पाण्यानं बाहेर काढण्यापेक्षा ती आत येऊच न देणं स्वस्त पडतं. आणि चाऱ्याच्या बाबतीत आपल्याला ही चैन परवडते, कारण घटातल्या धानासारखाच त्याला पहिल्या आठवड्यात फार उजेड लागत नाही. पॉलीहाऊसमध्ये ढोबळी मिरची किंवा जरबेरा लावणाऱ्याला ती परवडत नाही. त्यानं सावली वाढवली की उत्पादन घटतं, म्हणून त्याला ऊन आत घ्यावंच लागतं आणि उष्णता पाण्यानं काढावी लागते. म्हणजे तिकडं उजेडाची किंमत पाण्यात मोजावी लागते. चाऱ्याच्या खोलीत मात्र आधी सावली, मग फॉगर. ज्या गावात टँकर येतो तिथं तर हा क्रम उलटा करण्यात काही अर्थच नाही.

पश्चिमेच्या बाजूला गोणपाटं टांगून ती दुपारी ओली ठेवणं हा जुना उपाय अजूनही चांगला आहे. मात्र गोणपाटातून वारा आत यायला हवा आणि छताजवळून बाहेर जायला वाट हवी. चारही बाजू प्लास्टिकनं बंद करून आत फॉगर सोडला की पहिली दहा मिनिटं झकास वाटतं, नंतर ती खोली म्हणजे इडलीपात्र.

मेमध्ये जे चालतं ते जुलैत का चालत नाही?

कूलर पावसाळ्यात काम करत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. कारण हवेत आधीच इतकी वाफ असते की आणखी पाणी वाळायला जागाच नसते.

याला आकडे देता येतात. बाहेर ४२ अंश तापमान आणि हवेत २० टक्के आर्द्रता असेल, जी मराठवाड्यातली उन्हाळ्यातली नेहमीची दुपार आहे, तर पाणी वाळवून हवा जास्तीत जास्त साधारण २४ अंशांपर्यंत खाली आणता येते. प्रत्यक्षात तितकी येत नाही. पॅड आणि पंख्याची चांगली यंत्रणा या फरकाच्या ८० टक्क्यांपर्यंत मजल मारते, म्हणजे हवा २७-२८ अंशांवर येते. साध्या शेडनेटमध्ये त्याहून कमीच गारवा मिळतो. तरीही ४२ वरून तिशीच्या आसपास येणं काही वाईट नाही.

आता जुलै. बाहेर ३० अंश, आर्द्रता ८५ टक्के. इथं ती तळाची मर्यादा असते २८ अंश. म्हणजे कितीही पाणी फवारा, दोन अंशांच्या पलीकडं काही मिळणार नाही. मिळेल ती फक्त ओल. दाणे ओले, ट्रे ओले, हवा ओली, आणि तापमान बुरशीला मानवेल असं. उन्हाळ्यात बसवलेला टायमर पावसाळ्यात तसाच चालू ठेवला तर नासाडी ठरलेली.

गंमत अशी की मराठवाड्याचा जो कोरडेपणा आपल्याला नकोसा वाटतो, तोच या कामात आपल्या बाजूनं असतो. कोकणातला शेतकरी मे महिन्यात ३४ अंशांतच असतो, पण हवा इतकी दमट की फॉगरनं त्याला फारसा गारवा मिळत नाही. आपल्याकडं ४२ असूनही मिळतो. फक्त त्यासाठी पाणी लागतं, आणि तेच नेमकं त्या महिन्यात नसतं.

आतली उष्णता : दाणा स्वतःच तापतो

मोड आणायला बांधलेल्या मटकीच्या फडक्यात हात घातलाय कधी? आत ऊबदार लागतं. ओल्या धान्याचं पोतं दोन दिवस तसंच राहिलं तर वाफ निघते. उगवणारा दाणा श्वास घेत असतो, आपल्यातलं पिष्ट जाळत असतो, आणि त्यातून उष्णता बाहेर पडते.

ही किती असते हे काढायला गोव्यातला एक आकडा घेऊ. जुन्या गोव्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेचं केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी हायड्रोपोनिक मक्याच्या चाऱ्यावर बरंच काम केलं आहे. त्यांच्या अनुभवात १ किलो मक्यापासून साधारण ५ ते ६ किलो चारा मिळतो आणि त्यात कोरडा अंश ११ ते १४ टक्के असतो. मधला आकडा धरा. साडेपाच किलो चारा, साडेबारा टक्के कोरडा अंश, म्हणजे जवळपास ६९० ग्रॅम. आणि सुरुवातीच्या १ किलो मक्यात कोरडा अंश किती होता? ८९० ग्रॅमच्या आसपास.

म्हणजे सात दिवसांत २०० ग्रॅम गायब. थोडा भाग पाण्याबरोबर धुऊन गेला, बराचसा श्वासात जळाला. २०० ग्रॅम पिष्ट पूर्ण जळालं असं धरलं तर ३,२०० किलोज्यूलच्या आसपास उष्णता निघते, आणि ती काढायला सव्वा लिटरहून थोडं जास्त पाणी वाळावं लागतं. एका किलोमागं हे फार नाही. पण एका ट्रेमध्ये दाण्यांचा थर दुप्पट जाड केला, की मधल्या दाण्यांना वाराही लागत नाही आणि पाण्याची वाफही होत नाही. उष्णता तिथंच कोंडते. म्हणून बुरशी बहुतेकदा ट्रेच्या मधोमध, खालच्या थरात सुरू होते आणि वरून हिरवंगार दिसत असतं. थर पातळ ठेवा असं सगळे सांगतात, त्यामागचं कारण हे.

बुरशी आलेला ट्रे "वरचं वरचं कापून" जनावराला घालू नये. मक्यावर येणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात, ते यकृतावर परिणाम करतं आणि दुधातही उतरतं. एक ट्रे फेकणं परवडतं, गाय आजारी पडणं परवडत नाही.

मग ते ८ किलो कशाचे?

गोव्याच्या आकड्यात ५-६ किलो आहेत, व्हिडिओत ८. मग व्हिडिओवाल्यानं थाप मारली का? तसंच काही नाही. जास्त पाणी दिलं, तोलण्याआधी निथळू दिलं नाही, तर वजन ८ काय, ९ किलोही भरेल. जास्तीचे किलो पाण्याचे असतात. कोरडा अंश वाढत नाही, किंबहुना दाण्यापेक्षा कमीच होतो, हे आत्ताच बघितलं.

४०० किलो वजनाच्या दुभत्या गाईला दिवसाला साधारण १० ते १२ किलो कोरडा अंश लागतो. व्हिडिओतला ८ किलोचा चारा तिला जेमतेम पाऊण किलो देतो. तेव्हा "हायड्रोपोनिकवर गोठा चालतो" हा दावा ज्यानं केला असेल, त्याच्या गोठ्यात कडबा, पेंड, भुसा कुठं ठेवलाय ते आधी बघावं. चाऱ्याचा उपयोग आहे, पण वेगळा. उगवताना पिष्टाची साखर होते, काही जीवनसत्त्वं वाढतात, लादी रसाळ असते, जनावर आवडीनं खातं आणि सोबत टाकलेला वाळला कडबाही संपवतं. उन्हाळ्यात हिरव्याचं तोंडही न बघितलेल्या जनावराला रोज थोडी लादी मिळणं चांगलंच. पण तो जेवणातला भाजीचा वाटा आहे, भाकरीचा नाही.

पाण्याच्या बाजूनंही बघू. एक किलो चाऱ्यामागं दोन-तीन लिटर पाणी लागतं असं सांगितलं जातं. शेतात चारा घेण्यापेक्षा हे खूपच कमी आहे. मात्र यात दोन गोष्टी धरलेल्या नसतात. एक, तो मका आधी कुणाच्या तरी शेतात पाणी पिऊनच तयार झाला. आणि दोन, खोली गार ठेवायला लागणारं पाणी. छोट्या खोलीत रोज १५ किलो चारा निघत असेल, तर उगवायला ४०-४५ लिटर आणि नीट सावली नसेल तर गारव्याला त्याच्या दुप्पट. दुभती गाय उन्हाळ्यात दिवसाला सहज ६०-७० लिटर पाणी पिते. ज्या घरी हंडा-हंडा मोजून पाणी येतं, तिथं फॉगर आणि गाय एकाच टाकीवर असतात. हा निर्णय व्हिडिओ बघून नाही, टाकी बघून घ्यावा लागतो.

आणि उजेडाचं काय?

पाण्याचा उजेडावर परिणाम होतो का? होतो, पण लोक समजतात तिथं नाही.

सगळ्यात लोकप्रिय समज : भर उन्हात पानांवर पाणी मारलं की थेंब भिंगासारखे काम करतात आणि पान जळतं. हंगेरीतल्या बुडापेस्टमधल्या संशोधकांनी हे खरंच तपासून बघितलं आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापले. काचेचे गोल मणी पानावर ठेवले तर पान भाजलं. पण गुळगुळीत पानावरच्या पाण्याच्या थेंबांनी भाजलं नाही, कारण थेंब चपटा बसतो, त्याचा प्रकाश एकवटण्याचा बिंदू पानाच्या खूप खाली पडतो, आणि शिवाय पाणी पानाला गारही करत असतं. अपवाद केसाळ पानांचा : तिथं थेंब केसांवर तोलून, पानापासून थोडा वर राहतो, तेव्हा भाजण्याची शक्यता असते. मक्याच्या कोंबाला दुपारी फॉगरनं भाजण्याची भीती बाळगायचं कारण नाही. पानं करपलेली दिसली तर दुसरा संशयित शोधा : उन्हात पडलेली काळी लॅटरल. तिच्यात साचलेलं पाणी दुपारी हाताला चटका बसेल इतकं तापतं आणि मोटर सुरू झाली की पहिला फवारा तोच असतो. नळी सावलीत घ्या किंवा पहिलं पाणी बाहेर सोडा.

दुसरा परिणाम हळूहळू होतो आणि लक्षात येत नाही. आपला भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा, बोअरचं पाणी जड. स्टीलच्या पिंपावर जे पांढरं कीट बसतं तेच जाळीवर, पॉलिथिनवर आणि पानांवर बसतं. पाणी वाळून जातं, क्षार मागं राहतात. म्हणजे गारव्यासाठी जितकं पाणी वाळवू तितका पांढरा थर वाढणार. शेडनेटवर थोडा थर बसला तर सावलीच वाढली म्हणून सोडून देता येईल, पण पॉलीहाऊसच्या कागदावर तो उजेड खातो. आणि फॉगरच्या बारीक तोंडात बसला की धुक्याऐवजी पिचकारी सुरू होते. मग थेंब मोठे, वाफ कमी, ओल जास्त, आणि पुन्हा बुरशी. फॉगरची तोंडं अधूनमधून पातळ व्हिनेगरमध्ये भिजवून घासली तर कीट निघतं. पावसाचं पाणी साठवता आलं तर त्याला तोड नाही.

तिसरा परिणाम प्लास्टिकच्या छताखाली दिसतो. हिवाळ्यात सकाळी पॉलिथिनच्या आतून दव जमतं. ते वेगवेगळ्या थेंबांच्या रूपात असेल तर येणारा काही उजेड परत बाहेर फेकला जातो. तेच पाणी सपाट पातळ पडद्यासारखं पसरलं तर उजेड जवळजवळ पूर्ण आत येतो. म्हणूनच "अँटी-ड्रिप" कागद मिळतो, ज्यावर थेंब न बनता पाणी पसरून ओघळतं. आणि त्या पातळ पडद्याचा एक फायदाही आहे. साध्या पॉलिथिनमधून रात्री जमिनीची उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात आरपार निघून जाते, पाणी मात्र ती अडवतं.

पाणी उन्हातली अवरक्त उष्णता अडवतं हे खरं असलं, तरी त्याला जाडी लागते. बोटभर जाडीचा पाण्याचा थर त्यातला मोठा भाग शोषून घेतो आणि दिसणारा उजेड मात्र जवळपास तसाच सोडतो. प्रयोगशाळांमध्ये पूर्वी तापणाऱ्या दिव्यांखाली रोपं वाढवताना मध्ये पाण्याचा थर ठेवत ते याचसाठी. ओल्या जाळीवर मात्र पाण्याचा थर केसाएवढाही नसतो. ती ऊन अडवून नाही, पाणी वाळवून गार करते. घरात आता एलईडीचे दिवे वापरतात, त्यांच्या उजेडात ही अवरक्त उष्णता नसल्यातच जमा असते, त्यामुळं हा सगळा खटाटोपच उरत नाही.

जाता जाता जाळीच्या रंगाबद्दल. हिरवी जाळी सगळीकडं मिळते म्हणून सगळे हिरवी घेतात. झाडं तांबडा आणि निळा उजेड जास्त वापरतात, आणि हिरवी जाळी नेमका तोच जास्त अडवते. सात दिवसांच्या चाऱ्याला फरक पडत नाही. भाजीपाल्याची किंवा हळदीची रोपं त्याच जाळीखाली महिनाभर ठेवणार असाल तर पांढऱ्या जाळीची चौकशी जरूर करा.

थंडीत उलटं गणित

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो. मका रुसतो, सात दिवसांचं काम दहा-बारा दिवसांवर जातं. तेव्हा तेच पाणी उष्णता साठवायला वापरता येतं. २०० लिटरचा काळा ड्रम दिवसा उन्हात १० अंशांनी तापला, तर रात्री गार होताना सव्वादोन-अडीच युनिट उष्णता परत देतो. पाचशे वॉटचा हीटर साडेचार तास चालवल्याएवढी, बिलाशिवाय. दोन-तीन ड्रम मांडणीजवळ ठेवायचे आणि संध्याकाळनंतर फॉगर बंद. रात्रीचा फवारा त्या दिवसांत खोलीला आणखी गारठवतो आणि दाणे सकाळपर्यंत ओलेच ठेवतो.

घरातल्या कुंडीला यातलं काय लागू पडतं? मातीची कुंडी वाळता वाळता मुळं गार ठेवते, प्लास्टिकची ठेवत नाही. पत्र्याच्या घरात हा फरक मे महिन्यात जगण्या-मरण्याचा असतो. स्प्रेच्या बाटलीनं पानांवर दोन फुसकारे मारले की ओलावा वाढतो हे खरं, पण काही मिनिटंच. त्यापेक्षा चार कुंड्या जवळजवळ ठेवा, त्या एकमेकींना ओलावा देतात. आणि बोअरचं पाणी फवारत असाल तर पानं अधूनमधून ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर पांढऱ्या थराखाली खिडकीतला आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी होतो.

दोन थर्मामीटर, एक चिंधी

फॉगर किती वेळ चालवायचा याचा एकच आकडा कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. तो रोज, तासातासाला बदलतो. पण तो घरच्या घरी काढता येतो. दोन साधे थर्मामीटर घ्या. एकाच्या टोकाला सुती चिंधी गुंडाळा आणि चिंधीचं दुसरं टोक पाण्याच्या वाटीत सोडा. दोन्ही खोलीत सावलीत, वारा लागेल असे शेजारी शेजारी टांगा. कोरडा ३८ दाखवतोय आणि ओला २४, तर फॉगरला अजून भरपूर वाव आहे, चालवा. कोरडा ३० आणि ओला २८ असेल तर हवेला आता पाणी नको आहे, वारा हवा आहे. फॉगर बंद करा आणि बाजूची जाळी वर गुंडाळा.